रिकाम्या ग्लासातला वास

१

माझ्या नोकरीनं आमच्या घरातून बऱ्याच गोष्टी हद्दपार केल्या. वासाचा साबण, पावडर, अत्तर, फुलदाणीतली फुलं. कच्चा कांदा फक्त सुटीच्या दिवशी. लग्नानंतर लगेचच बायकोनं विचारलं होतं, "तुमचं नाक सांभाळायचं की संसार?" मी म्हटलं होतं, "दोन्ही एकच आहे." तेव्हा ती खळखळून हसली होती. आता अशा उत्तरांवर ती नुसती "हं" म्हणते आणि शिवणयंत्रावर पुढचा कपडा घेते. ती शाळेचे गणवेश शिवते.

आमच्या कंपनीकडे जुन्या व्हिस्कीच्या बाटल्या विकायला येतात. विक्रीआधी प्रत्येक पेटीतली एक बाटली उघडून दोन माणसांनी तपासायची, आणि चिठ्ठीवर लिहिलंय तोच माल आत आहे का ते सांगायचं. त्यातला एक मी. दुसरी माझ्याहून बरीच लहान, तोंडानं फटकळ आणि नाकानं पक्की. कंपनीत मला थोरलं नाक म्हणतात आणि तिला धाकटं. मी तिला नुसतं धाकटी म्हणतो.

नातेवाइकांना वाटतं, हा बसून पितो आणि वर पगार घेतो. खरं म्हणजे आम्ही पीत नाही. हुंगतो, जिभेवर फिरवतो आणि बेसिनमध्ये थुंकतो. एक माल तीन दिवस चालतो. पहिल्या दिवशी तसाच, दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब घालून. मग तो ग्लास न धुता, काचेचं झाकण घालून रात्रभर ठेवायचा आणि तिसऱ्या सकाळी रिकामा हुंगायचा. दारू तोवर उडून गेलेली असते. जे मागे राहतं तेच खरं, असं आमच्या धंद्यात मानतात.

नाक थकलं की कोपराच्या आतल्या घडीत खुपसायचं. आपला स्वतःचा वास हेच नाकाचं शून्य. तिथून पुन्हा मोजायला लागायचं. हल्ली मला दिवसातून फार वेळा शून्यावर यावं लागतं. गुडघे थकले, डोळे थकले, आणि हे एक इंद्रिय ज्याच्यावर आमची चूल पेटते, तेही कुरकुरायला लागलंय. निवृत्तीचं बोलायचं म्हणून मालकांच्या दारापर्यंत जातो आणि हवापाण्याचं बोलून परत येतो.

२

ती बाटली आली तेव्हा मला पहिल्यांदा खटकली ती तिची पातळी.

बूच कितीही घट्ट असलं तरी जुन्या बाटलीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत असतं. माल खांद्यापर्यंत उतरलेला असला की आम्ही म्हणतो, वयाला शोभतंय. ही सिंगल माल्ट स्कॉच माझ्या लग्नाच्याही आधीची, आणि मानेपर्यंत गच्च भरलेली.

"कालच भरली असेल कुणीतरी," धाकटी म्हणाली. "मालकांना सांगा, बनावट आहे. आपण घरी जाऊ."

पण बुचावरची लाख जुनी होती, काच जुनी होती, आणि बूच काढलं तर तेही आतून काळंभोर, खरंच म्हातारं. ते अखंड निघालं याचंच मला कौतुक वाटलं.

आमच्याकडे एक रीत आहे. बाटली उघडली की तोंडाशी पहिल्यांदा नाक न्यायचं ते थोरल्यानं. त्याला आम्ही पहिला श्वास म्हणतो. इतकी वर्षं कोंडलेली हवा एकदाच बाहेर येते, ती पुन्हा मिळत नाही.

"घ्या सर, मान तुमचा," धाकटी म्हणाली.

मी वाकलो. बाहेर काहीच आलं नाही. उलट नाकपुडीच्या कडेला बारीक गार झुळूक लागली, माझ्याकडून बाटलीकडे जाणारी. किंचितशीच. कुणीतरी झोपेत कूस बदलताना श्वास घ्यावा तेवढी.

मी सरळ झालो. बाटली थंड तळघरातून आली होती आणि आमची खोली उबदार. थंड हवा आकसलेली असते, बूच निघालं की बाहेरची हवा आत खेचली जाते. शाळेतल्या पोरालाही हे सांगता येईल. मी स्वतःला सांगितलं आणि ग्लास भरले.

तपासणीची खोली पांढरी आहे. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, एक बेसिन, खिडकी बंद. तिथं कसलाच वास नसतो, म्हणून तर ती आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि दोघांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मी ग्लास हुंगला. आधी काहीच नाही. मग करपलेलं दूध.

सकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं होतं. गणवेशाच्या गडबडीत बायको विसरली आणि मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. दुधामागून आला शिवणयंत्राच्या तेलाचा वास. नव्या कापडाची खळ. दाराशी ठेवलेल्या आमच्या चपला.

मी बाही हुंगली. बाहीला काही नव्हतं.

"झालं?" धाकटीनं विचारलं. "माझं म्हणणं, मध, वाळलेली द्राक्षं, जुनं लाकूड. शेवटी थोडा धूर. सर, खरी आहे हो ही. आणि फार सुंदर आहे. तुमचं?"

"दूध," मी म्हणालो. "करपलेलं."

"करपलेली साखर म्हणा की. दूध काय, आपण दुग्धालयात बसलोय?"

मी करपलेली साखर म्हटलं.

३

संध्याकाळी घरी आलो की माझा एक नेम आहे. बूट काढायचे आणि बायको यंत्रावर वाकलेली असते तिच्या भांगात क्षणभर नाक टेकवायचं. दिवसभराचे सगळे वास तिथं पुसले जातात. ती मान न वळवता विचारते, "आलात का शून्यावर?" कोपराची घडी हे कामावरचं शून्य. घरचं हे.

तिचा वास होता. पण आजूबाजूला काहीतरी कमी होतं. कमी काय आहे ते कळायला मला जरा वेळ लागला.

"मशीनला तेल दिलं नाहीस बरेच दिवस?"

"आत्ताच दिलं. ही बघा बोटं."

बोटं चकचकत होती. मी ती हुंगली. तिनंही हुंगली.

"खरंच की. पाण्यासारखं आहे नुसतं." तिनं कुपी उजेडात धरली. "हल्ली काहीच धड मिळत नाही."

तेवढ्यात दाराला नखं घासल्याचा आवाज आला. गोणपाट. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा कुत्रा. अंगावरचे केस गोणपाटासारखे, म्हणून हे नाव. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला तरी रोज संध्याकाळी जिना उतरतो, प्रत्येक दार हुंगतो आणि बरोबर आमच्याशी थांबतो. बायकोनं दार उघडलं, त्यानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं, बिस्किट खाल्लं, माझा पाय हुंगून घेतला आणि गेला. मास्तर म्हणतात, ह्याला जगात तीनच माणसं माहीत आहेत, मी आणि तुम्ही दोघं.

रात्री जेवताना मी विचार केला. घरचे वास कपड्यांना चिकटून मीच त्या खोलीत नेले असणार. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी नाचक्की नाही. धाकटीला कळलं तर ती वर्षभर पुरवून पुरवून चिडवील.

"उद्या मी कोरे कपडे घालतो," मी म्हणालो. "आणि तू आज तो मलम लावू नकोस."

"मग गुडघ्याला काय सांगू? साहेबांना बाटली हुंगायचीय, दुखू नकोस?"

"दोनच दिवस."

"हं," ती म्हणाली. पण तिनं मलम लावला नाही. गुडघ्याखाली उशी घेऊन ती कण्हत झोपली आणि मी जागा राहिलो.

४

दुसऱ्या दिवशी मी दोनदा अंघोळ करून गेलो.

"सर, काल आपण ह्यातून ओतली ना?" धाकटी बाटलीकडे बघत होती. "दोन ग्लास?"

पातळी मानेत होती. कालच्याहून वर, असं मला वाटलं. पण काल मी खूण केली नव्हती, आणि खूण नसली की माणूस काहीही म्हणू शकतो.

"खोली गरम आहे," मी म्हणालो. "द्रव पसरतो."

"इतका?"

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. मी ग्लासात पाण्याचे थेंब घातले आणि नाक आत घेतलं.

मलम. काल न लावलेला मलम, त्याचा तो थंड झोंबरा वास. मग चपलांच्या मांडणीची धूळ. मग स्वयंपाकघर, ओट्याखालचा ओला फडका. मग इस्त्रीखालचं गरम कापड. मग कपाटामागची ओल, जी दर वर्षी रंगवतो आणि दर वर्षी परत येते. सगळे वास ओळीनं येत होते, दारापासून आत. कुणीतरी आमच्या घरात खोलीखोलीतून सावकाश फिरत होतं, आणि मी त्याच्या मागून चालत होतो. ते झोपायच्या खोलीच्या दाराशी आलं. दार लोटल्यावर आधी येतो तो वास मला आला, उशांचा.

मी घाईनं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकलो. बेसिनमधून ते गुडगुडत खाली गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं, काय थुंकलो मी हे?

मी कोपराच्या घडीत नाक घातलं. तिथं शून्य नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. शून्य आणि काहीच नसणं यात फरक असतो हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी घाबरलो.

"माझा ग्लास बघतेस जरा?" मी धाकटीला म्हणालो. असं विचारायचं नसतं. तिनं भुवया उंचावल्या, पण हुंगला.

"तेच. मध, द्राक्षं. पाण्यानं आणखी खुललंय." मग माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "सर, तुम्ही रजा घ्या हो. तोंड बघा आरशात. उद्याचे रिकामे ग्लास मी एकटी करते."

"उद्याचं बघू," मी म्हणालो. दोन्ही ग्लासांवर झाकणं ठेवली. माझ्या ग्लासाच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते रात्रभरात उडणार होतं.

५

घरी ती पलंगावर गुडघा चोळत बसली होती.

"अहो, ह्या मलमात काही दम राहिला नाही. ना वास, ना गुण. अर्धी नळी संपवली."

मी नळी नाकाशी धरली. मग स्वयंपाकघरात गेलो. कॉफीचा डबा उघडला. व्हिनेगरची बाटली उघडली. काडी पेटवून विझवली. फडका उचलला, चपला उचलल्या, कपाट सरकवून भिंतीला नाक लावलं. ओल हाताला लागत होती, नाकाला नाही.

ती मागून येऊन सगळं हुंगत होती. "मलाही नाही येत," ती म्हणाली. "सर्दी असेल दोघांना."

मला तेच हवं होतं. सर्दी, वय, काहीही. माझं नाक गेलं असतं तर मी आनंदानं मालकांच्या दारात उभा राहिलो असतो. मी दार उघडून जिन्यात पाऊल टाकलं. जिन्यात ओल्या रंगाचा वास होता, कुणाच्या तरी तळणाचा होता, कठड्याच्या लोखंडाचा होता. नाक ठणठणीत होतं. मी पाऊल मागे घेतलं आणि आत आलो. काहीच नाही. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. उंबरठ्याशी जणू कुणी रेघ मारली होती.

"काय चाललंय तुमचं?"

मी तिच्याजवळ गेलो आणि भांगात नाक टेकवलं. होता. अगदी बारीक, पण होता. तिचा तो वास, ज्याला मी आयुष्यभरात नाव देऊ शकलो नाही. नाव देणं हीच माझी नोकरी असून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, काय झालं?"

"थकलोय गं."

"मग सोडा ना ती नोकरी. मी शिवतेय की अजून. भागेल आपलं."

"उद्या सांगतो मालकांना," मी म्हणालो, आणि या वेळी खरंच तसं ठरवलं. तिला मी जाऊ देणार नव्हतो. बाटलीनं घरातलं सगळं न्यावं, ओल न्यावी, दूध न्यावं, पण हे नाही. मी तिच्या मानेशी नाक ठेवून झोपलो. कामावर, पांढऱ्या टेबलावर, तो ग्लास सावकाश वाळत होता.

६

सकाळी मी आत बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. मास्तर गोणपाटला फिरवायला खाली नेत होते. त्याच्या नखांचा आवाज ऐकून बायको बिस्किट घेऊन दारात उभी राहिली.

"ये रे," ती म्हणाली.

आवाजाच्या दिशेनं तो आला. मान खाली, नाक जमिनीला, नेहमीसारखा डुलत. तिच्याशी आला आणि थांबला नाही. सरळ चालत राहिला आणि तिच्या पायांवर आदळला.

असा तो एकदा नव्यानं ठेवलेल्या खुर्चीवर आदळला होता. पण तेव्हा त्यानं खुर्ची हुंगली होती. आता तो कुँई करून मागे सरला, नाक वर करून डावीउजवीकडे फिरवलं, आणि ती जिथं उभी होती तिकडे तोंड करून गुरगुरायला लागला. तिनं बिस्किट पुढे केलं. त्याचा वास त्यानं बरोबर टिपला. धरणारा हात मात्र त्याला सापडत नव्हता. बिस्किट न घेताच तो भिंतीला घासत खाली गेला.

"आता नाकही गेलं वाटतं बिचाऱ्याचं," मास्तर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी."

ती बिस्किट धरून तशीच उभी होती. मी उठलो, तिच्या भांगात नाक टेकवलं आणि दीर्घ श्वास घेतला. धुतलेली काच असते तसं होतं.

"आलात का शून्यावर?" तिनं सवयीनं विचारलं.

मी एक बूट तसाच उघडा ठेवून निघालो.

७

धाकटी अजून यायची होती. पांढऱ्या खोलीत दोन ग्लास झाकणाखाली होते, आणि मधोमध बाटली. तिचं बूच वर आलं होतं. काल मी ते दाबून बसवलं होतं. आता ते ओलं होतं आणि त्याच्या कडेनं एक थेंब काचेवरून ओघळला होता.

मी माझा ग्लास उचलला. तळ कोरडा. झाकण काढलं.

ती होती. सगळी. भांग, मान, उन्हातून आल्यावरची, तापात फणफणलेली, रागावून पाठ करून झोपलेली, पहिल्या वर्षातली, कालची. खोलीत कुणी नव्हतं आणि तरी ती इतकी जवळ होती की मी मागे वळून बघितलं.

मी पुन्हा हुंगलं. आता थोडं कमी होतं. रिकाम्या ग्लासात फार नसतं, हुंगावं तसं संपतं. हे मला सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी झपकन झाकण ठेवलं, रुमालात गुंडाळून ग्लास कोटाच्या खिशात घातला.

दारात धाकटी उभी होती. "सर? ग्लास कुठे नेताय?"

"घरी."

"घरी? काही नियम आहेत की नाहीत?"

"नियम मीच केलेत."

तिनं माझ्या उघड्या बुटाकडे बघितलं, मग माझ्या मागे, टेबलाकडे. "सर, बाटलीचं बूच वर आलंय."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "काही झालं तरी बाटलीला तुझा पहिला श्वास देऊ नकोस."

ती हसली नाही. मी जाईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती.

८

बायको यंत्रापाशी बसली होती. यंत्र बंद होतं. घाईत मी दार लोटायचं विसरलो.

मी टेबलावर ग्लास ठेवला आणि तिला सगळं सांगितलं, करपलेल्या दुधापासून. ती मध्ये एकदाही "हं" म्हणाली नाही.

"आणि ह्यात मी आहे?"

"बघ."

मी झाकण काढलं. ती वाकली, डोळे मिटले, हुंगलं. तिचा चेहरा मऊ झाला.

"मी नाही," ती म्हणाली. "तुम्ही आहात हे. संध्याकाळी येता आणि डोक्याशी वाकता ना, तेव्हाचे."

"नीट बघ. तूच आहेस."

"मला तुमचा वास कळत नाही होय? तुमच्याइतकं मोठं नसेल माझं नाक, पण जन्म गेला त्या वासात."

मी कोपराची घडी नाकाशी नेली. तिथं अजूनही काही नव्हतं.

तेवढ्यात नखं वाजली. गोणपाट उघड्या दारातून आत आला. उंबरठ्यावर त्यानं नाक वर केलं आणि त्याची शेपटी हलायला लागली. तो आमच्या दोघांच्या मधून गेला, कुणालाही न लागता, सरळ टेबलापाशी. तिथं बसला, तोंड ग्लासाकडे वर केलं आणि लाडात कुईकुई करायला लागला. रोज आमच्याशी करतो तसा.

आम्ही हललो नाही.

"झाकण ठेवा," ती हळूच म्हणाली. "संपेल."

मी झाकण ठेवलं. शेपटी थांबली. तो जरा वेळ तसाच बसला, मग उठून दाराकडे निघाला. वाटेत माझे पाय होते. त्याचं नाक माझ्या गुडघ्यावर आदळलं. तो ओरडून मागे सरला, मी होतो त्या जागेकडे तोंड करून गुरगुरला आणि अडखळत बाहेर पळाला.

तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता. तेवढ्यानं मला धीर आला.

"उघडा ठेवला तर किती टिकेल?" तिनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. जेमतेम."

"आणि झाकून ठेवला तर?"

"झाकून ठेवला तर राहील."

"आणि आपण?"

मी झाकणावर तळहात दाबून धरला. बाहेर जिन्यात मास्तर गोणपाटला थोपटत विचारत होते, "काय रे, कुणाला भ्यालास एवढा?"